मुक्कामी गाडीचा ठराव

राहीबाईला राग आला की ती आधी डोक्याचा फडका सोडून झटकायची. त्या दिवशी तर तिनं तो दोनदा झटकला. सहामाहीत लेकीला, साक्षीला, गणितात ऐंशीपैकी एकोणीस पडले होते आणि नवऱ्यानं, जोतिबानं, एका दमात निकाल लावून टाकला होता. "दहावीला नापास झाली तर साळा बंद. बेदाण्याच्या शेडवर आईसंगं जाईल."

आंबेमाळच्या हायस्कुलात गणिताचे जादा तास सुरू होते, पण ते सहाला सुटायचे. पाथरवाडीची शेवटची एसटी मात्र पाचला निघायची. साक्षीसकट गावातल्या अकरा पोरी तास बुडवून गाडी धरायच्या.

आता गंमत बघा. ही गाडी मुक्कामी! साडेपाचला पाथरवाडीत येऊन चिंचेखाली उभी राहायची ती सकाळी सहालाच हलायची. ड्रायव्हर नाथाजी राहीबाईच्याच ओसरीवर जोतिबाशी पत्ते कुटत बसायचा आणि रात्री दोघं तिथंच झोपायचे. पाच वर्षं ती त्याला भाकरी वाढत होती, आणि ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आज आली! तिला स्वतःचाच लय राग आला.

"काय ओ नाथाजी, गाडीला हितं येऊन धारा काढायच्या असत्यात व्हय? सव्वासहाला निघाली तर?"

"मी निघीन की वैनी. पण टाइम डेपोत ठरतो. पालकसभेचा ठराव आणा, मग बगू."

दुसऱ्या दिवशी ती हायस्कुलात हजर. मुख्याध्यापिका चारुलताबाई सांगलीच्या. बोलायला मऊ, पण कागदाला पक्क्या. "दहावीचे बेचाळीस पालक आहेत. निम्मे आल्याशिवाय ठराव होत नाही हो. इथं सहाच्या वर कधी कुणी येत नाही."

"शनिवारी येत्यात," राहीबाई म्हणाली आणि तडक शेडवर गेली. तिथं बेदाणा निवडणाऱ्या निम्म्या बायकांची पोरं दहावीलाच होती.

"मला साळंत जायचं भ्याच वाटतंय गं," शेजारची सोनिया म्हणाली. "तितं बोलायचं काय?"

"बोलायचं मी. तू नुस्ती बस."

शनिवारी शाळेनं आठ खुर्च्या मांडल्या होत्या. आल्या सव्वीस बायका, हात बेदाण्यानं चिकट, डोक्याला फडके तसेच. खुर्च्या संपल्यावर त्या पोरांच्या बाकांवर दाटीवाटीनं बसल्या. दर सभेला चहाला न चुकणारे नानासो पुढच्या खुर्चीवरून वळले. "आवं, पालकसभा हाय ही. पालक म्हंजे बाप. बायकांची गर्दी कशाला?"

राहीबाईचा फडका सुटला.

"नानासो, पोरगी पैली आली की बापाची आन् नापास झाली की आईची, असं हाय व्हय? मग आज आमी नापासांच्या आया आलोय. मांडा ठराव!"

सगळा वर्ग हसला. चारुलताबाईंनाही हसू आवरेना, पण त्यांनी डोकी मोजली आणि ठराव लिहायला घेतला. अनुमोदन कोण देणार, असं विचारल्यावर सगळ्यांत आधी हात वर गेला तो सोनियाचा.

पंधरा दिवसांनी वेळ बदलली. त्या संध्याकाळी राहीबाई शेडवरून परतली तेव्हा जोतिबा साडेपाचपासूनच चिंचेखाली येरझारा घालत होता. "कवा येती गं गाडी?" त्यानं तिला तीनदा विचारलं.

पावणेसातला गाडी आली. साक्षी उतरली तशी जोतिबानं तिच्या खांद्यावरचं दप्तर काढून घेतलं.

"सुटली का गणितं?"

"दोन सुटली. तिसरं आता बसून सोडवते."

मागून नाथाजी उतरला. "चल गड्या, उशीर झाला, पण एक डाव तरी टाकू."

"पत्ते आता परीक्षा झाल्यावर," जोतिबा म्हणाला. "वसरीवर पोरगी अभ्यासाला बसनार हाय. तू आन् मी गोठ्यात झोपू."