बिनखिशाचे सदरे

"खिसा नाही, म्हणजे माणसानं हात घालायचे कुठे?" लांबू टेलरबाईच्या कानापाशी पुटपुटला.

टेलरबाई स्टुलावर उभी राहून त्याच्या गळ्याचं माप घेत होती, त्यामुळे ही कुरकुर तिसऱ्या कुणाला ऐकू जायचा प्रश्न नव्हता. लांबूचं खरं नाव वेगळं होतं, पण दाराची चौकट वाकून ओलांडणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायची, असं सगळ्यांना वाटे. गेली कित्येक वर्षं तो इथला मुख्य वेटर होता.

"हात कामात घालायचे," ती म्हणाली. ओठांत टाचण्या धरल्यामुळे शब्द जरा चपटे निघाले. "मान सरळ ठेवा. टिप मिळाल्यासारखी."

"टिप मिळाली की मी मान वाकवतो. उद्यापासून बिलात छापून येणार ती. कुणापुढे वाकू? बिलापुढे?"

"गप्प बसा, गळा हलतोय."

दुपारची जेवणं आटोपली होती आणि संध्याकाळची गर्दी यायला अवकाश होता. काचेच्या दारावरची पाटी फिरवून ठेवली होती. खिडकीपाशी एक जोडपं तेवढं रिकामे कप पुढ्यात घेऊन बसलं होतं. भांडतही नव्हतं आणि उठतही नव्हतं. त्यांच्या शेजारच्या टेबलाशी आबा बसले होते, धुतलेला सदरा, विंचरलेले केस, समोर चहा. हॉटेल त्यांचं. म्हणजे आता त्यांच्या लेकीचं, पण पाटीवर अजून त्यांचंच नाव होतं. फार पूर्वी, हॉटेल दुसऱ्याच कुणाचं होतं तेव्हा, आबा इथे वेटर होते. पुढे त्यांनी ते विकत घेतलं. ही गोष्ट नव्या नोकराला पहिल्याच दिवशी कुणी ना कुणी सांगतंच.

लेकीला सगळे ताई म्हणत. ती गल्ल्याशी उभी राहून टेलरबाईला पुन्हा एकदा समजावत होती.

"एक तारखेपासून बिलातच सेवेचे पैसे धरणार. टेबलावर कुणी काही ठेवायचं नाही, कुणी काही उचलायचं नाही. ती बरणी पण बंद. मग खिसे हवेत कशाला?"

बरणी गल्ल्यावरच होती. टेबलावर मिळालेली टिप प्रत्येकानं तिच्यात टाकायची आणि आठवड्याच्या शेवटी सगळ्यांनी वाटून घ्यायची, असा इथला रिवाज होता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचाऱ्यानं डोकं बाहेर काढलं.

"मला तर पटलं बुवा. आजवर माझा चेहरा बघून कुणी दमडी ठेवली नाही."

"तुझा चेहरा बघितला असता तर बिलाचेही दिले नसते," लांबू म्हणाला.

"हेच, हेच म्हणते मी," ताई म्हणाली. "हसऱ्याला जास्त, गप्प माणसाला कमी. दात ठणकत असला तरी हसायचं. ही काय कमाई झाली?"

"पण ताई," लांबू म्हणाला, "परवा त्या म्हाताऱ्या बाईंनी जाताना माझा हात धरला आणि मुठीत ठेवले पैसे. ते कसं छापणार बिलात?"

ताईला यावर बोलायचं होतं, पण आबांनी कप खाली ठेवला.

"न देण्याची मोकळीक हवी गिऱ्हाइकाला," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता. "ती काढून घेतली की उरतो तो कर. कर भरून कुणी मागे वळून हसतं का?"

"मोकळीक गिऱ्हाइकाला आणि जीव टांगणीला वेटरचा, आबा," ताई म्हणाली.

"आम्ही उभे राहिलोच की याच टेबलांपाशी."

"ते दिवस वेगळे होते."

"कुठले दिवस?"

त्यांनी खरोखरच विचारलं होतं. भुवया वर करून ते लेकीकडे बघत राहिले. ताईनं बरणीचं झाकण उगीच घट्ट केलं. लांबू छताकडे बघू लागला, आणि टेलरबाईनं त्याचं गळ्याचं माप वहीत लिहून घेतलं, जे तिनं मघाशीच लिहिलं होतं.

तेवढ्यात खिडकीपाशी खुर्च्या सरकल्या. जोडपं उठलं. पुरुष पुढे गेला. बाई दोन पावलं मागे आली, पर्स उघडून बशीखाली काहीतरी सरकवलं आणि गेली.

आबाही उठले. खांद्यावर नॅपकिन नव्हता म्हणून त्यांनी हातरुमाल काढला आणि ते टेबल पुसलं, कडेपासून मध्याकडे, एकही कण खाली पडू न देता. कप एका हातात घेतले. दोन्ही खुर्च्या गुडघ्यानं आत ढकलल्या. बशी उचलली, खालचे पैसे छातीच्या खिशात टाकले, आणि मग आपल्या जागेवर येऊन त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

हे चाललं होतं तोवर आचाऱ्याचं डोकं खिडकीतून आत गेलं होतं. लांबूच्या बुटाची नाडी सुटली होती. ताईला नेमकं त्याच वेळी गल्ल्याच्या तळाशी काहीतरी शोधायचं होतं.

एकटी खिडकीवाली उभी होती. खिडकीकडची टेबलं तिच्याकडे, म्हणून तिला ते नाव पडलं होतं. ती चमचे पुसत होती. एक चमचा पुसायचा, उजेडात धरायचा, ठेवायचा. तिनं आबांकडे बघितलं, आणि दुसरा चमचा घेतला.

"पुढचं कोण?" टेलरबाईनं विचारलं. "संध्याकाळच्या पाळीतल्या दोघांची मापं काल झाली. हे झाले, आचारी झाले. आता ही."

खिडकीवालीनं चमचा ठेवला आणि हात पुसले.

"तिचं राहू द्या," ताई म्हणाली. "चारच शिवायचे आहेत. ती एक तारखेपासून आत असेल. भांड्यांकडे."

खिडकीवालीनं हात पुसणं थांबवलं नाही. तिला हे सकाळीच कळलं होतं. आतल्या कामाला पगार कमी आणि सुटका उशिरा. मुलीला शाळेतून आणायला मग कोण जाईल, एवढंच तिनं विचारलं होतं. ताई म्हणाली होती, बघू काहीतरी.

तिला चोर कुणी म्हटलं नव्हतं. संध्याकाळच्या दोघांनी फक्त विचारलं होतं, की सगळ्यात चांगली टेबलं हिच्याकडे आणि बरणीत हिच्याकडून कधीच काही कसं पडत नाही? ते दोघे दुपारचे इथे नसतात. त्यांचा प्रश्न सरळ होता आणि त्याला उत्तरं दोनच होती. त्यांतलं एक ताईला देता आलं नाही, म्हणून तिनं दुसरं दिलं.

टेलरबाईनं टेप गळ्यात अडकवला आणि ती स्टुलावरून उतरली. तिला वाटलं, आपण आपलं सामान गोळा करावं आणि निघावं. मापं घेणाऱ्या माणसानं मापांपुरतं बघावं.

"बाई," आबांनी हाक मारली. "हा बघ, परत उसवला. जरा टीप मार."

त्यांनी तिथेच सदऱ्याची बटणं काढली, सदरा तिच्या हातात दिला आणि बनियनवर बसले. खिसा खालच्या कोपऱ्यातून सुटला होता, नेहमी सुटायचा तिथेच. टेलरबाईनं आजवर किती वेळा तो शिवला होता. दुहेरी दोऱ्यानं शिवला, आतून पट्टी लावून शिवला. पण कापड तरी नाण्यांचा किती भार सोसणार? सदरा शिवायला येई तेव्हा आबांच्या खिशात जे असे ते ती एका चिंधीत बांधे, आणि सदऱ्याबरोबर ती पुरचुंडी ताईच्या हातात देई. ताई ती घेई, आणि जरा वेळानं बरणीत खळखळ वाजे. त्यावर दोघींनी कधी चकार शब्द काढला नव्हता.

"आमच्या धंद्यात पण टीप असते," वातावरण हलकं व्हावं म्हणून ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. "पण आमची कुणाच्या मर्जीवर नसते. एक जरी सोडली, तरी बाही गळून हातात येते."

लांबू मोठ्यानं हसला. एरवी इतका हसला नसता.

आबा हसले नाहीत. ते खिडकीवालीकडे बघत होते. ती पुन्हा चमच्यांकडे वळली होती.

"हिचं माप झालं?"

टेलरबाई दोऱ्याला गाठ मारत राहिली.

"मी विचारतोय, हिचं माप झालं का?"

"ती आत जाणार आहे, आबा," ताई म्हणाली.

"आत? का?"

आचारी कुठल्यातरी पातेल्याशी झटापट करत असल्याचा आवाज आला.

"का गं?" त्यांनी आता खिडकीवालीलाच विचारलं. "काही चुकलं का तुझं? सूप सांडलंस कुणाच्या अंगावर? मी तर एकदा एका नवरदेवाच्या अंगावर सांडलं होतं. मला कुणी आत नाही पाठवलं."

"नाही, आबा. तुमचा चहा निवला. दुसरा आणू?"

"मग या टेबलांचं काय?" त्यांनी खिडकीकडे हात केला. आणि मग त्यांचा चेहरा उजळला. "बघेन मी. नाहीतरी सध्या मीच तर बघतोय." त्यांनी छातीवर थाप मारली. तिथे सदरा नव्हता, नुसतं बनियन होतं. ते गोंधळले, खाली बघू लागले. "माझे पैसे होते इथे. खिडकीच्या टेबलांचे."

सदरा टेलरबाईच्या मांडीवर होता. तिनं सुई टोचण्यासाठी खिशाचा कोपरा उचलला होता, आणि त्या उसवलेल्या फटीतून एक नाणं निसटलं. ते फरशीवर पडलं, आपल्याच तालात गोल गोल फिरलं आणि लांबूच्या बुटापाशी आडवं झालं. लांबूनं ते उचललं नाही. पायही हलवला नाही.

ताई गल्ल्यामागून बाहेर आली. ती भरभर चालणारी बाई होती, पण एवढंसं अंतर तिला बराच वेळ पुरलं.

"टेलरबाई," ती म्हणाली, "हिचं माप घ्या."

"सदरे पाच मग?"

"पाच."

टेलरबाईनं सदरा बाजूला ठेवला. तिला हलकं वाटलं. लांबूनंही श्वास सोडला, आणि आत पातेलं शांत झालं. सगळं निभावलं होतं, नेहमीसारखं, कुणाला काही बोलावं न लागता. ती टेप घेऊन खिडकीवालीसमोर गेली.

"हात वर कर गं. छातीचं घेते आधी."

खिडकीवालीनं हात वर केले नाहीत. दोन्ही हात अंगाला चिकटवून ती उभी राहिली.

"हात वर कर."

"सकाळी मला का काढलं होतं?" तिनं विचारलं. टेलरबाईच्या खांद्यावरून ती ताईकडे बघत होती. आवाज चढवला नव्हता. गिऱ्हाइकाला आणखी काही हवं का विचारावं, तसंच विचारलं होतं.

"अगं, झालं ना आता," ताई म्हणाली. "पुढेच ठेवतेय ना तुला."

"ते कळलं. पण संध्याकाळी ते दोघे येतील. त्यांना काय सांगणार? ताईंनी माफ केलं?"

ताईनं जवळची खुर्ची उगीच सरळ केली.

"मला माफी नकोय," खिडकीवाली म्हणाली. "मी काही केलेलं नाही."

"दीदी, जाऊ दे," लांबू हळूच म्हणाला. तो तिला कधी दीदी म्हणत नसे.

"तुम्ही तर रोज बघता, दादा."

लांबूनं मान खाली घातली. इतक्या उंच माणसाची मान खाली गेली की ती कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

टेलरबाईच्या हातातला टेप तसाच ताणलेला राहिला. मागून पावलं वाजली. आबा उठून आले होते. रांग दिसली तसे ते रांगेत येऊन उभे राहिले, खिडकीवालीच्या बरोबर मागे. बनियनवर, ताठ. त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि ते वाट बघू लागले, टेलरच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या मुलासारखे.

"माझं पण घे, बाई," ते म्हणाले. "आणि मला खिसा ठेव. मोठा."

कुणीच हसलं नाही. खिडकीवालीनं मागे वळून बघितलं. तिचा चेहरा मऊ झाला, पण हात खालीच राहिले.

ताई वडिलांच्या पसरलेल्या हातांकडे बघत होती. ते आता थोडे थरथरू लागले होते, पण त्यांनी खाली आणले नव्हते. ती पुढे झाली आणि तिनं त्यांचा एक हात कोपराखालून धरला, त्यांना भार होऊ नये म्हणून.

"खिडकीचे पैसे आबा घेतात," ती म्हणाली. "त्यांना वाटतं, ते अजून इथे वेटरच आहेत. त्यांना आता काही आठवत नाही. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

खिडकीवालीनं हात वर केले.