गोदूकाकूंची मधाची बाटली

आळीत मूल जन्मलं की गोदूकाकूंना बोलावणं यायचंच. बोटातलं सोन्याचं वळं मधात बुडवून त्या बाळाच्या जिभेला लावत. तो त्यांचा मान, आणि त्याबाबतीत त्या कुणाचं ऐकत नसत. लेकीच्या, अनुयाच्या बाळासाठी तर मधाची बाटली चार महिने आधीच आणून ठेवली होती.

अनुयाचं पोट जरा जास्तच दिसू लागलं तेव्हा आळीने जुळं ठरवून टाकलं. सोनोग्राफीत बाळ एकच निघालं, पण त्याच्या पोटात पाण्याचे दोन फुगे. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. जठराच्या पुढे आतडं बंद होतं. बाळ गिळेल ते पाणी मागेच तुंबत होतं.

"म्हणजे पाटात पाचोळा अडकला," काकूंचे यजमान विश्वंभरकाका म्हणाले. सगळा जन्म सुपारीच्या वाडीला पाणी लावण्यात गेलेला.

"अगदी तसंच काका. जन्मल्यावर ऑपरेशन करून वाट मोकळी करता येते. म्हणून बाळंतपण मुंबईलाच करा. आणि ऑपरेशन होईपर्यंत बाळाच्या तोंडात काही म्हणजे काही जाता कामा नये."

शेवटचं वाक्य बाईंनी काकूंकडे बघून म्हटलं. बाई याच आळीत जन्मलेल्या, त्यांनाही काकूंनी याच वळ्याने मध चाटवला होता ना!

काकू रागावल्या, मग घाबरल्या, आणि मुंबईला निघताना बाटली पिशवीत घालूनच निघाल्या.

मुलगी झाली. नर्सने मिनिटभर दाखवली, तर इवलीशी जीभ बाहेर काढून कसलीतरी वाट बघतेय. काकूंचा हात आपसूक पिशवीत गेला. त्यांनी तो हिसका देऊन बाहेर काढला आणि वळं उतरवून जावयाला, देवव्रतला दिलं.

"ठेवा तुमच्याकडे. माझा माझ्यावर भरवसा नाही."

ऑपरेशन नीट झालं. आता सगळं घर एकाच गोष्टीसाठी अडून बसलं. बाळाला शी झाली की आतडं चालू झालं, मग दूध. काकांचा श्रीवर्धनहून दिवसातून चारदा फोन, "झाली काय गो?" आठव्या दिवशी झाली! काकांनी आळीभर पेढे वाटले. कशाचे, ते मात्र लोकांचे खाऊन झाल्यावर सांगितलं.

संध्याकाळी चमचाभर दूध पोटात टिकलं. मध वर्षभर नको, असं सर्जननी बजावलं होतंच. काकूंनी जावयाकडून वळं मागून घेतलं, बाटली उघडली आणि अनुयासमोर जाऊन बसल्या. आठ दिवसांत पोरीने ना धड घास गिळला होता, ना डोळ्यांतून टिपूस काढलं होतं.

"जीभ काढ."

"आई, मी काय बाळ आहे?"

"तिचं तू बघ. माझं बाळ तू."

अनुयाने जीभ काढली, आणि मध लागताच ती मोठ्याने रडू लागली.