एका नगावरून गठ्ठा पास

तयार कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस असलेल्या बाईला सगळे ‘चेकरताई’ म्हणत. पाठीमागे आणखीही काही म्हणत, पण ते लिहिण्यासारखं नाही. शर्ट उलटा करून ती शिवण अशी न्याहाळे, की शिवणीलाच घाम फुटावा. तिथला नियम साधा होता: पन्नास शर्टांच्या गठ्ठ्यातून पाच उपसायचे; ते चोख निघाले की गठ्ठा पास. नियमावर कारखाना चालत होता, म्हणून ताईने तो संसारालाही लावला.

एका संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. “ताई, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून आले. रिपोर्ट स्वच्छ आहे. तुझी शेवटची कधी झाली?”

“सातेक वर्षं झाली असतील. पण आता कशाला? तुझा चांगला आला ना?”

“माझा आला. तुझं काय?”

“आई एक, बाप एक. एक नग पास, गठ्ठा पास.”

“बरं. उद्यापासून मी जेवते, तू ढेकर दे.”

“अगं, पण मला काही दुखत नाही, खुपत नाही!”

“दुखल्यावर जातात तो इलाज. तपासणीला धडधाकट असतानाच जायचं असतं, बयो.”

शनिवारी धाकटी वेळ ठरवूनच दारात उभी राहिली. चप्पलसुद्धा काढली नाही. काढली असती, तर ताईने चहा टाकला असता आणि चहात दुपार गेली असती.

दवाखान्यात टेबलावर आडवी झाल्यावर ताईने आधी पडद्याची उसवलेली कड नर्सबाईंच्या नजरेस आणून दिली. “शिवून घेऊ हं,” नर्सबाई म्हणाल्या, “तुम्ही अंग सैल सोडा.” थोडं अवघडल्यासारखं झालं, आणि तपासणी झालीसुद्धा. सबबी शोधण्यात ताईने जेवढा वेळ घालवला होता, तेवढ्यात अख्ख्या कारखान्याची तपासणी उरकली असती.

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. पुढे आणखी एक तपासणी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. “काही पेशी बदलायला लागल्यात. हा कॅन्सर नाही. पण तशाच सोडल्या असत्या, तर पुढे होऊ शकला असता. तेवढाच भाग काढून टाकू. त्याच दिवशी घरी जाल.”

दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात हयात गेलेल्या ताईने पहिल्यांदाच स्वतःची चूक पकडली. बहिणीचा स्वच्छ रिपोर्ट हातात घेऊन ती आणखी सात वर्षं आरामात बसली असती.

भाग काढला. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं. सगळं ठीक निघालं. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख दिली. ती ताईने स्वतःच लिहून घेतली, दोनदा वाचून खात्री केली.

बाहेर पायऱ्यांवर ती थांबली. आभार मानायची तिला सवय नव्हती. धाकटीला आजवर दिलेली सर्वांत मोठी शाबासकी होती ‘चालेल’.

“ऐक ना,” ती म्हणाली. “तू त्या दिवशी आली नसतीस तर...” तिने पदराने डोळे टिपले.

“तर शनिवार माझा झोपेत गेला असता,” धाकटी म्हणाली आणि तिच्याही डोळ्यांत पाणी आलं.

“गप्प बैस. मला नीट म्हणू दे.” ताईने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “तुझ्यामुळे मी आहे. कळलं?”

“कळलं,” धाकटी हळूच म्हणाली.