रिकाम्या खोलीचा आवाज

"कात्रीबाई! अहो, हेडफोन काढा की जरा. केव्हाची हाका मारतेय मी."

संस्थेच्या सचिवबाई दारात उभ्या होत्या. कात्रीबाईंनी हेडफोन मानेवर घेतला आणि उगाचच मागे वळून पाहिलं. मागे वाचनाची खोली, म्हणजे मूळची अडगळीचीच. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, मधोमध एक खुर्ची आणि पायमोजा चढवलेला माइक. खुर्ची सात महिने रिकामी होती. तरी कात्रीबाई दिवसातून दहादा वळून बघत.

"किती पुस्तकं उतरली नव्या डिस्कवर?"

"नऊ."

"आठ दिवसांत नऊ? अहो, जुनी डिस्क टकटक करतेय, कधी राम म्हणेल नेम नाही. ऐकत नाही ना बसलात? नुसतं इकडचं तिकडं उतरवायचंय."

"ऐकल्याशिवाय कसं कळणार नीट उतरलं का ते?"

हे खोटं होतं आणि सचिवबाईंना ते कळलं. त्या निघून गेल्या.

अंधांसाठी बोलती पुस्तकं करणारी ही दोन खोल्यांची संस्था. कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेला. तो भारी तापायचा, म्हणून त्याचं एका बाजूचं झाकण काढून उघड्या पोटावर टेबलफॅन सोडलेला असे. पण पंख्याची घरघर माइकमध्ये शिरायची, म्हणून वाचताना पंखा बंद. पंख्याशिवाय यंत्र वीस मिनिटं तग धरी, मग आपोआप मान टाकी. इथलं प्रत्येक पुस्तक असं वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांनी झालेलं होतं. मास्तर म्हणायचे, "शाळेत तास चाळीस मिनिटांचा होता. इथं तास निम्मा झाला आणि पगार पूर्ण गेला."

मास्तर म्हणजे कात्रीबाईंचे यजमान. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक्केचाळीस पुस्तकं वाचून दिली. ते वाचायचे आणि बाई कापायच्या. खोकला, खुर्चीची कुरकूर, अडखळणं, "थांब, परत घेतो" हे सगळं त्या निवडून काढत, तांदळातले खडे काढावेत तसं. नाव तिथूनच पडलं. कापलेली जागा कोरी ठेवली तर कानाला खड्डा लागतो. म्हणून एकदा त्यांनी मास्तरांना खुर्चीत गप्प बसवून अर्धं मिनिट नुसती शांतता भरून घेतली होती. तेच ठिगळ त्या सगळीकडे लावत. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं 'रिकामी खोली'.

आणि पुस्तक साफ झालं की मूळचं पुसायचं. हा नियम बाईंचाच. डिस्क इवलीशी, नवी घ्यायची ऐपत नाही. मास्तर एकदा म्हणाले होते, "अगं, एखादं तरी न कापलेलं ठेव. आठवण म्हणून."

"आठवणीला जागा कुठाय? तेवढ्यात दोन पुस्तकं बसतील," असं त्या फटकन म्हणाल्या होत्या.

मास्तर गेले आणि सातव्या महिन्यात कुणा दात्यानं नवी डिस्क दिली. बैल गेला आणि झोपा केला. आता जागाच जागा होती आणि ठेवायला काही नव्हतं. एक्केचाळीस पुस्तकं मास्तरांच्या आवाजात होती, पण त्यातलं एकही वाक्य मास्तरांचं स्वतःचं नव्हतं. घरीही काही नाही. जन्मभर समोरासमोर बसून बोललेलं कोण टेप करून ठेवतं? कात्रीबाई आठ दिवस पुस्तकामागून पुस्तक ऐकत होत्या ते एवढ्यासाठीच, की कुठे तरी आपल्या हातून एखादा खडा राहिला असेल. अजून एकही सापडला नव्हता.

मग त्या 'रिकामी खोली' लावत. आवाज पूर्ण मोठा करत. काहीच ऐकू येत नसे, आणि त्या काहीच नसण्यात मास्तर श्वास रोखून बसलेले असत. त्या वळून बघायच्या. खुर्ची तशीच.

दुपारी काठी टेकत ऑपरेटरकाका आले. पूर्वी टेलिफोन खात्यात होते, आता इथले सगळ्यात जुने वाचक आणि सगळ्यात मोठे तक्रारखोर.

"वहिनी, माझी सीडी घासली म्हणून तुम्ही नवीन दिलीत ना? ते पुस्तक चुकीचं आहे."

"पुस्तक तेच आहे काका."

"तेच कसं? अकराव्या प्रकरणाआधी मास्तर बोलायचे. यात नाही बोलत."

कात्रीबाईंचा हात पंख्याच्या जाळीवर होता, तो तसाच राहिला. त्यांना आठवलं. सहा वर्षांपूर्वी कुणाची तरी तक्रार आली होती, मध्येच कुणी घरगुती बोलतं म्हणून. पडद्यावरची आवाजाची रेघ बघून त्यांनी तेवढा तुकडा उडवला होता. ऐकलाही नव्हता. काकांची घासलेली सीडी त्याआधीची असणार.

"तुम्हाला खटकलं नाही कधी?" त्यांनी विचारलं.

"मला? छे! मी त्यासाठीच ते पुस्तक लावतो. एकट्याचं घर माझं. घरात कुणी बोलल्यासारखं वाटतं."

"काय बोलतात?"

"ते मी कशाला सांगू? तुमचं तुम्ही ऐका." काकांनी पिशवीतून जुनी सीडी काढली. "आधी उतरवून घ्या मात्र. फार घासलीये."

कॉम्प्युटरचा कप्पा टाचणी खुपसल्याशिवाय उघडत नसे. बाईंनी टाचणी खुपसून सीडी आत सरकवली. सीडी घरघरली, अडली, परत घरघरली. पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा चौऱ्याऐंशीवर येऊन ठप्प झाला. काका कान देऊन बसले होते. "फिरतेय अजून," ते म्हणाले. मग आकडा हलला आणि शंभरावर गेला. बाईंनी सवयीनं आणखी एक प्रत करून ठेवली.

"मी बाहेर बसतो," काका म्हणाले आणि काठीनं दार चाचपत गेले.

कात्रीबाईंनी दहावं प्रकरण शेवटाकडून लावलं. ते संपलं. मग खुर्ची कुरकुरली. खोकला आला, तोच, सकाळच्या पहिल्या चहाआधीचा.

"पंखा बंद कर गं," मास्तर म्हणाले. "आणि जाऊ नकोस, बस इथंच. नाहीतर भिंतीला वाचून दाखवल्यासारखं वाटतं."

कात्रीबाई उठल्या. त्यांनी पंखा बंद केला. आतली खुर्ची बाहेर ओढून आणली, आपल्या स्टुलाशेजारी ठेवली आणि बसल्या. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. पदराची सळसळ झाली असती.

"प्रकरण अकरावे," मास्तर म्हणाले.

यंत्र तापू लागलं होतं. वीस मिनिटं होती.