ढब्बीचं माप

माझी ताई बायकांचे कपडे शिवते. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला उभा आरसा, तिच्या गळ्यात टेप आणि छातीशी टोचलेल्या टाचण्या. तिच्या हातात कला आहे, मीच चारचौघांत सांगायचे. आज त्याच हाताचा मला संताप येतो.

तिच्या मुलीला आम्ही ढब्बी म्हणतो. लहानपणी होतीच गुबगुबीत. कॉलेजात गेली आणि तिने जेवणाशी वैर धरलं. ताटातलं इकडचं तिकडे करायचं, 'मैत्रिणीकडे खाऊन आले' म्हणून उठायचं. खाल्लंच तर बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडायचा. "किती स्वच्छतेची आवड हिला!" ताई कौतुकाने म्हणायची. धन्य ती आई!

कपडा सैल झाला की ढब्बी आरशासमोर उभी राहायची. "आई, जरा आत घे ना."

ताई दातांत टाचण्या धरून शिवण आत घ्यायची. टेलरच्या पोरीने ढगळ कपड्यांत फिरायचं म्हणजे काय? एकेक करत सगळे कपडे आत गेले आणि ढब्बी कायम नीटनेटकी दिसत राहिली. गिऱ्हाइकं विचारायची, "काय करतेस गं, आम्हालाही सांग." ताईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग केस गळायला लागले, पाळी बंद झाली. भर उन्हात पोरगी स्वेटर घालून बसायची. मी म्हटलं, "ताई, डॉक्टरला दाखव."

"तुझं आपलं काहीतरीच! कपडे बघ कसे अंगाबरोबर बसलेत."

परवा इस्त्री करता करता ढब्बी कोसळली.

हॉस्पिटलात सगळ्यांना एकाच मापाचा झगा. नर्सने तो तिला घातला. झगा खांद्यावर ठरेना. गळ्याखालचं एकेक हाड मोजून घ्यावं असं वर आलेलं. मशीनवरून तशीच उठून आलेली ताई दाराशीच थबकली; टाचण्या अजून तिच्या छातीशीच होत्या.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर नेलं. "अन्न मिळेना म्हणून शरीर स्वतःचेच स्नायू खात गेलं. हृदयही स्नायूच आहे. त्यात उलट्यांनी रक्तातले क्षार उतरलेत. हृदय कधीही दगा देईल."

"आत्ता पोटभर भरवते मी तिला," ताई म्हणाली.

"एकदम भरवलंत तर तेही जिवावर बेतेल. आम्ही सांगू तेवढंच, चमच्याचमच्याने. पण तिने तोंड उघडायला हवं."

ताई खाटेवर बसली, चमचा पुढे केला. ढब्बी हसली. किती दिवसांनी हसली पोरगी! तिने झग्याचं सैल कापड पाठीमागे मुठीत गोळा केलं आणि खिडकीच्या काचेत स्वतःला न्याहाळलं.

"आई, बघ ना, केवढा सैल होतोय. जरा आत घे ना."

ताईने छातीवरच्या टाचण्या उपटून कचऱ्यात टाकल्या. "नाही घेणार. खा गं बाळा. पाया पडते तुझ्या."

ढब्बीने मूठ सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने चमचा बाजूला सारला.