मेव्हण्यावर संशय नाही

रविवारी दुपारी मी आबांना, म्हणजे वडलांना, माझ्या कादंबरीचं शेवटून दुसरं प्रकरण वाचून दाखवलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नसे, म्हणून मी दर रविवारी सांगलीहून दहिवडीजवळच्या आमच्या गावी यायची. पुस्तकाला पुरस्कार मिळाला, त्याचं त्यांना विशेष काही नव्हतं. त्यांना खुनी हवा होता.

"पोलीस पाटीलच," करडाला बाटलीनं दूध पाजत ते म्हणाले.

"मेव्हणा का नाही?"

"मेव्हणा कवा असं करतो व्हय? आमचा गुंडा बघ. कोंबडी कापायची म्हटलं की रानात पळतो."

"आवं दाजी, माझं नाव कशाला त्यात?" गुंडामामा ओट्यावरून म्हणाले.

"आन् ह्यो तुझा तात्या. मेंढरं सोडून खुनाच्या चौकशा करत हिंडतोय. लय बिनकामाचा माणूस."

तात्या म्हणजे कादंबरीत खुनाचा छडा लावणारा मेंढपाळ. बोलायच्या आधी तो मुंडासं मागं सारतो. आबांनी आत्ता तेच केलं होतं. हे त्यांना शेवटचं प्रकरण संपलं की सांगू, असं मी ठरवलं.

"खुनी कोण, तेवढं सांगून जा."

"पुढच्या रविवारी."

"बरं. तवर पाटलाला सोडू नगंस."

सोमवारी सकाळी मेंढरांकडं जाताना आबा कोसळले, ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी माती सावडली. पानावर त्यांच्या आवडीची भाकरी, खर्डा, शेजारी कपभर चहा. कावळे बाभळीवर बसून होते, खाली उतरेनात.

"इच्छा राहिली असंल," कुणीतरी म्हणालं.

भावानं हात जोडले. "आबा, मेंढरं इकत न्हाई." आई म्हणाली, "माझी काळजी करू नगा." ऊन चढत गेलं. "दाजी, काय राहिलं वो?" म्हणत गुंडामामा हुंदके देत होते.

काय राहिलं ते मला ठाऊक होतं. मी पानाजवळ जाऊन बसले.

"आबा, खून मेव्हण्यानं केला."

सगळ्यांनी मामांकडं पाहिलं. त्यांचा हुंदका मधेच अडकला.

"पाटलानं नाही. तात्यानं मेव्हण्याला पकडलं. आणि तो तात्या तुम्ही आहात, आबा. मुंडाशासकट तुम्हीच. बिनकामाचा म्हणालात, तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्यासारखा माणूस सगळ्यांनी बघावा, एवढ्यासाठी लिहिलं मी ते पुस्तक."