बाराव्या वर्षाचा विजेता

सायकल शर्यतींच्या मंडळाला पन्नास वर्षं होत होती आणि त्यांचा इतिहास लिहायचं काम भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. अध्यक्ष म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं, शिवाय तुम्ही घरच्याच. घरच्या म्हणजे बाईंचे थोरले भाऊ, दादा, एके काळचे नावाजलेले शर्यतवीर. बाईंना वाटलं, चार रविवारांत हातावेगळं करू. वर्षाला पाच शर्यती, त्यांच्या गुणांची बेरीज, ज्याची जास्त त्याचं नाव ढालीवर. यात अवघड ते काय?

अकरा वर्षं सुतासारखी सरळ गेली. बाराव्यापाशी घोडं पेंड खायला लागलं. ढालीच्या पितळी पट्टीवर नाव होतं दादांचं. त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रात हात उंचावलेला फोटो होता पान्याचा, म्हणजे सायकल दुरुस्तीवाल्याचा. त्याच्या खिशात नेहमी पाना असायचा, म्हणून तेच नाव पडलेलं. आणि मंडळाच्या नोंदवहीत विजेत्याच्या रकान्यात काहीच नाही. खोडलेलंसुद्धा नाही.

बाई दादांकडे गेल्या. दादा शर्टाला इस्त्री करत होते. "ढालीवर आहे ते लिही," एवढं म्हणून त्यांनी कॉलर उलटी केली.

पान्याच्या दुकानात जायला बाईंना जरा धीर गोळा करावा लागला. अडतीस वर्षं तो आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हते. समोरून आले तर एकजण रस्ता ओलांडायचा. पाना एका वाकड्या चाकाचा आउट काढत बसला होता. त्याने सांगितलं ते असं: शेवटच्या शर्यतीआधी दोघांचे गुण सारखे होते, पुढे येईल त्याची ढाल. पान्यासकट मागची सगळी टोळी ठरलेल्या रस्त्याने आली. दादा वीटभट्टीच्या तिठ्यावरून, तीन रस्ते मिळतात तिथून, भलत्याच वाटेला लागले आणि जवळच्या रस्त्याने येऊन ढाल घेऊन गेले.

"तिठ्यावर झेंडा घेऊन कोण होतं, ते आठवतं ना बाई?" त्याने विचारलं.

त्याच होत्या. सोळा वर्षांच्या. दाट धुकं आठवत होतं, झेंड्याच्या काठीचं कुसळ बोटात गेलेलं आठवत होतं. पण हात कुठल्या बाजूला केला, ते काही केल्या आठवेना.

मग त्या घड्याळवाल्या आजोबांकडे गेल्या. शर्यतीची वेळ लावायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. सुनेने त्यांना खुर्चीत बसवून दिलं आणि आजोबा खुलले. म्हणाले, शेवटच्या दोरीपाशी सगळे पूर्वेकडे डोळे लावून बसलेले. पान्याची टोळी तिकडून आली, आणि त्याच क्षणी दादा पश्चिमेकडून, लोकांच्या पाठीमागून. "माझ्याकडे घड्याळ एक आणि मान एक. बघू कुठे?" समिती संध्याकाळपर्यंत भांडली. तोवर वर्तमानपत्रवाला पान्याचा फोटो काढून निघूनही गेला. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी ढाल दादांना मिळाली. आजोबांना ते पटलं नाही, पण उलटंही पटलं नाही, म्हणून त्यांनी रकाना भरलाच नाही.

"पण तिठ्यावर उभं करताना तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

"उजवीकडे पाठव म्हणालो होतो." आजोबा थबकले. "थांब हं. माझं तोंड रस्त्याकडे होतं की तुझ्याकडे?"

ते त्यांना सांगता येईना. बाई घरी आल्या, कागदावर तिठा काढला, कागद फिरवून पाहिला, स्वतःही त्याच्याभोवती फिरून पाहिलं. आयुष्यभर पोरांना दिशा शिकवल्या आणि आता स्वतःचं डावं-उजवं ठरेना. डोक्याचा पार भुगा झाला. त्या पुन्हा दादांकडे गेल्या आणि सरळच विचारलं.

दादांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "मी एकटा पुढे होतो, अर्ध्या मिनिटाने. तू डावीकडे हात केलास, मी डावीकडे वळलो. मागून तू काहीतरी ओरडलीस. मला वाटलं, शाबासकी देतेस."

"मग हे समितीला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर पहिला प्रश्न, झेंडा कोणाकडे होता? बाबांनी तुला परत घराबाहेर पाठवलं असतं? तुझं शिकायला जायचं तेव्हा नुकतं ठरत होतं."

बाईंना काय वाटलं ते त्यांनाच नीट कळलं नाही. भरून आलं, आणि रागही आला. लोक दादांना पाठीमागे लबाड म्हणायचे. मनातल्या मनात बाईंनीही कधीतरी तसं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतला जुना नकाशा उतरवला आणि दोन्ही रस्त्यांवर दोरा लावून मोजलं. एकदा, दोनदा, तीनदा. डावीकडचा रस्ता जवळचा नव्हताच. उलट तीनशे मीटरनी लांबचा होता. दादा जास्त अंतर तोडून पान्याच्या बरोबरीने पोहोचले होते.

बाईंनी पान्याला सगळं सांगितलं. तिठ्यावरची चूक बहुधा आपलीच, हेही सांगितलं. संध्याकाळी तो दादांच्या दारात येऊन उभा राहिला, हातही न धुता. दादा म्हणाले, "आत ये."

बाईंना वाटलं, मिटलं एकदाचं. कसलं मिटतंय? पाना म्हणायला लागला, ठरलेल्या रस्त्याने आला असतास तर अर्ध्या मिनिटाने जिंकला असतास, तेव्हा ढाल तुझीच. दादा म्हणाले, नियम म्हणजे नियम, वाट चुकला तो बाद, विजेता तूच. अडतीस वर्षं दोघं 'मी जिंकलो' म्हणून अबोला धरून होते, आता 'तू जिंकलास' म्हणून हातघाईवर आले. वहिनींनी दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा निवला.

इतिहासाची पुस्तिका छापली गेली. बाराव्या वर्षासमोर बाईंनी दोघांची नावं घातली आणि खाली लिहिलं की तिठ्यावर उभी असलेली मुलगी म्हणजे प्रस्तुत लेखिका, आणि वाट चुकली ती तिच्यामुळे.

समारंभाच्या सकाळी एक अनोळखी गृहस्थ पुस्तिका हातात घेऊन बाईंपाशी आले. ते त्या शर्यतीत शेवटून दुसरे आले होते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, तुमचं काहीतरी चुकतंय. आम्ही पोहोचलो तेव्हा तिठ्यावर दोन मुली होत्या, दोघींच्या हातात झेंडे."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली.